नागपूरहून कोकणातल्या दीपगृहांकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या गावाला समुद्र नाही, तलाव आहेत. फुटाळ्याच्या काठी बसून वाढलेल्या माणसाला दीपगृहाबद्दल जे प्रश्न पडतात ते मालवणच्या माणसाला पडत नाहीत. धरमपेठ, महाल, इतवारीपासून वर्धा-यवतमाळपर्यंतच्या मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पट्टा अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा धरला आहे. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत.

१. तिथे पाहायचं काय असतं? वर चढायचं, समुद्र पाहायचा, खाली उतरायचं, एवढंच ना?

समुद्र तर खालूनही दिसतो. वर चढायचं ते भिंगासाठी. जुन्या दीपगृहाच्या माथ्यावर काचेची खोली असते आणि तिच्या मधोमध फ्रेनेल भिंग. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात हे भिंग घडवलं. एकच जाडजूड भिंग केलं तर ते टनावारी वजनाचं होईल आणि प्रकाशही खाईल, म्हणून त्याने त्याच्या गोलाकार पायऱ्या पाडल्या आणि वर-खाली त्रिकोणी लोलकांच्या कडा बसवल्या. दिव्याचा वर-खाली वाया जाणारा उजेड हे लोलक वळवून क्षितिजाच्या दिशेने पाठवतात. म्हणून आतला दिवा पाहिला की लोक हमखास विचारतात, "एवढासाच?"

जवळ गेलात तर लोलकांच्या पितळी चौकटी पाहा. प्रत्येक लोलक वेगळ्या कोनात बसवलेला असतो आणि चौकटीच्या सांध्यांत जुनी पुट्टी दिसते. काही ठिकाणी हे सगळं ओझं पाऱ्याच्या गोल हौदावर तरंगतं. घर्षण जवळजवळ नाही, त्यामुळे बोटाने ढकललं तरी फिरेल. पण बोट लावू नका. पारा विषारी आहे आणि काचेवर उमटलेला ठसा कर्मचाऱ्याला पुसत बसावं लागतं.

दिवसा काचांना पडदे लावलेले दिसतील. भिंग दिव्याचा उजेड बाहेर फेकतं, तसंच बाहेरचं ऊन आत एका बिंदूवर गोळा करतं, आणि त्या बिंदूवर नेमका दिवा असतो. पडदे नसतील तर आतलं सामान जळेल. "पडदा जरा सरकवा, फोटो काढायचाय" असं म्हणू नये ते यासाठी.

२. नेमकी कोणती दीपगृहं पाहावी? यादी द्या.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊ. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी बेटावरचं १८६७ सालचं अष्टकोनी दीपगृह; त्याची गोष्ट वेगळी आहे, प्रश्न ८ पाहा. मग रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. कुंडलिका नदीच्या मुखाशी, पोर्तुगीज किल्ल्याच्या डोंगरावर. पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीज वळणाची एक मिश्र बोली बोलतात. किल्ल्याची वाट दीपगृहावरूनच जाते, त्यामुळे एका चढणीत दोन्ही होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून कोर्लईच सांगतो.

पुढे हर्णैचा कनकदुर्ग. किल्ला म्हणावा असं फारसं उरलेलं नाही, पण टेकाडावर दीपगृह आहे आणि समोर सुवर्णदुर्ग. गुहागर तालुक्यात अंजनवेलला टाळकेश्वराच्या देवळाशेजारचं दीपगृह. तिथून दाभोळची खाडी, गोपाळगड आणि एन्रॉनमुळे गाजलेला वीजप्रकल्प, तिन्ही दिसतं. जयगडचा बुरूज १९३२ सालचा, ओतीव लोखंडाचा. दगडी बुरूज पाहून कंटाळलेल्यांनी तो मुद्दाम पाहावा. रत्नागिरीत रत्नदुर्गावर १८६७ पासून दिवा आहे. देवगडच्या किल्ल्यातला १९१५ सालचा. वेंगुर्ल्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

३. एका सुट्टीत सगळी होतील का?

होतील, पण गाडीतूनच. कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, मध्ये खाड्या येतात. त्या जंगलजेट्टीने ओलांडायच्या, म्हणजे गाडीसकट नेणाऱ्या फेरीबोटीने: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. बोट सुटली की पुढचीची वाट पाहायची. त्यात दीपगृहं बहुतेक दुपारनंतरच उघडतात (प्रश्न ६), म्हणजे दिवसाला एकच नीट पाहून होतं. चार दिवस असतील तर एकतर रायगड जिल्हा आणि हर्णै करा, नाहीतर गुहागर ते रत्नागिरी. "आम्ही तीन दिवसांत अलिबाग ते मालवण करून राहिलो" असं सांगणाऱ्यांना मी फक्त शुभेच्छा देतो.

४. नागपूरहून जायचं कसं? मुंबईलाच उतरावं लागतं का?

नाही, आणि बरेच जण इथेच उगाच वळसा घेतात. कुठला भाग पाहायचा ते आधी ठरवा.

अलिबाग-कोर्लईसाठी मुंबई बरोबर आहे. विदर्भ, सेवाग्राम किंवा दुरांतोने रात्रीत मुंबई गाठायची, मग गेटवेहून मांडव्याची लाँच. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता भिवंडीजवळ आमण्याला संपतो. तिथून पनवेल-पेणमार्गे किंवा भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला.

रत्नागिरी, जयगड, देवगडसाठी मात्र कोल्हापूर गाठा. गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून थेट कोल्हापूरला जाते. प्रवास लांबलचक आहे, डबे घेऊनच बसा. पुढे आंबा घाट उतरला की रत्नागिरी, गगनबावड्याचा घाट उतरला की देवगडची बाजू. गाडीने जाणाऱ्यांना नागपूर–रत्नागिरी महामार्ग आहेच: यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर. एका दमात मारायचा रस्ता नाही तो. मध्ये सोलापूर किंवा तुळजापूरला मुक्काम करा. नागपूर–मडगाव विशेष गाडी चालू असेल तर तीच उत्तम, कारण ती कोकण रेल्वेवरून चिपळूण-रत्नागिरीला सोडते. निघण्याआधी रेल्वेच्या वेळापत्रकात ती आहे का ते पाहून घ्या.

५. मे महिन्यात गेलो तर चालेल का? आम्हाला ४५ अंशांची सवय आहे.

नवतपा सोसलेल्या माणसाचा हा अभिमान मला मान्य आहे, पण कोकणात तो कामी येत नाही. तिथे पारा पस्तिशीच्या आसपासच असतो. त्रास दमटपणाचा होतो. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो, कूलर लावला की खोली गार. तिथे घाम वाळतच नाही आणि कूलर निरुपयोगी. त्यात दीपगृहाच्या बंद जिन्यात वारा नसतो. मेमध्ये जायचंच असेल तर आंब्यासाठी जा आणि दीपगृह उतरत्या उन्हात करा.

सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. जूनपासून मासेमारीबंदी लागते, समुद्र खवळतो, गेटवे–मांडवा लाँच बंद होतात आणि बेटावरचं काहीही विसरायचं. जमिनीवरची दीपगृहं पावसातही असतातच, पण वाट निसरडी आणि वरून दिसणार फक्त करडं धुकं. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात, त्यानंतर हळूहळू होड्या पाण्यात उतरतात, तोवर थांबा.

६. आत सोडतात का? परवानगी कोणाकडून घ्यायची?

देशातली मोठी दीपगृहं केंद्राच्या दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाकडे आहेत. हे खातं बंदरं, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालयाखाली येतं. पर्यटकांना खुल्या असलेल्या ठिकाणी वेगळी परवानगी लागत नाही. फाटकावर नाममात्र तिकीट आणि वेळ लिहिलेली असते. वेळ बहुधा दुपारनंतरची, अंधार पडायच्या आत संपणारी. २०२४ च्या फेब्रुवारीत देशभरातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटकांसाठी केलेल्या सोयींचं लोकार्पण झालं, तेव्हापासून काही आवारांत बाकं, बाग आणि स्वच्छतागृहंही दिसतात.

सुट्टे पैसे आणि ओळखपत्र जवळ ठेवा. दिवसाढवळ्या फाटक बंद दिसलं तर कर्मचारी आळशी आहेत असा समज करून घेऊ नका. रात्रभर दिव्यावर लक्ष ठेवलेला माणूस सकाळी झोपलेला असू शकतो. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणच्या मालकाला विचारा. गावात सगळ्यांना सगळ्यांच्या वेळा माहीत असतात.

६अ. संत्रा बर्फी नेली तर वेळेबाहेर सोडतील का हो?

नाही. बर्फी मात्र न्या. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी तिचं फार कौतुक होतं, आणि बदल्यात सोलकढी जरा सढळ हाताने मिळते.

७. भरती-ओहोटीचं आम्हाला काहीच कळत नाही. मोबाइलला रेंज नसली तर?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेलं आहे. दिनदर्शिकेतली तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊणपट ३, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्धा-एक तास इकडेतिकडे धरा, पण सहलीची आखणी करायला हे पुरतं. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते ती चंद्रामुळे, आणि तिथीही चंद्राचीच. म्हणून हे गणित जुळतं. कोकणातली जुनी माणसं ते तोंडी करतात.

आता दुसरी पायरी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती: चढ-उतार दोन्ही कमी. खडक उघडे पडून चालत जाता येईल अशी ओहोटी हवी असेल तर उधाणाचे दिवस लागतात. पण त्या दिवशी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. संध्याकाळची ओहोटी साधून खडकावर गेलात तर परतताना अंधार आणि वाढतं पाणी दोन्ही एकदम. म्हणून पहाटेचीच धरायची. रविवार कधी आहे हे समुद्राला ठाऊक नसतं. सुट्टी टाकण्याआधी तिथी बघा.

दक्षिणेकडे जावं तसा पाण्याचा हा चढ-उतार कमी होत जातो. मुंबई-अलिबागला तो सगळ्यात जाणवतो.

८. खांदेरीला जाता येतं का? जागतिक वारसा झाल्यापासून सगळे विचारून राहिले.

येतं, पण समुद्र, होडी आणि परवानगी तिन्ही जुळले तर. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इथे तटबंदी घालायला घेतली. मायनाक भंडारी काम पाहत होते आणि इंग्रजांची गलबतं ते थांबवायला आली होती. थांबलं नाही. मग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. मुंबईच्या तोंडावरचं हे बेट इंग्रजांना का खुपत होतं ते दीपगृहाच्या सज्जातून पाहिलं की कळतं: बंदरात शिरणारं प्रत्येक जहाज नजरेच्या टप्प्यात येतं. पुढे हेच बेट हातात आल्यावर त्यांनी १८६७ मध्ये तिथे दिवा लावला. आज बेटाचं अधिकृत नाव कान्होजी आंग्रे बेट आहे आणि ताबा मुंबईच्या बंदर प्राधिकरणाकडे.

थळच्या किनाऱ्यावरून होड्या मिळतात. पैसे ठरवण्याआधी नाखव्याला, म्हणजे होडीवाल्याला, दोन गोष्टी विचारा: उतरायची परवानगी आहे का, आणि परत कधी निघायचं. दुसरीचं उत्तर त्याने घड्याळ न बघता दिलं तर माणूस जाणता आहे. जीवरक्षक जाकीट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. बेटावर वेताळाचं देऊळ आहे आणि ठोकल्यावर भांड्यासारखा आवाज करणारा एक खडकही. मुलं तिथून हलत नाहीत.

९. मुंबईत नातेवाईक आहेत. तिथलं एखादं पाहता येईल?

कुलाब्याच्या टोकापलीकडे प्राँग्स रीफ आहे. १८७५ साली टॉमस ऑर्मिस्टन यांनी खडकावर बांधलेला सुमारे ४० मीटरचा बुरूज. मोठ्या ओहोटीला तिथवर खडकावरून चालत जाता येतं हे खरं, पण वाट लष्करी हद्दीतून जाते आणि परवानगीशिवाय प्रवेश नाही. ती मिळाली तरी प्रश्न ७ मधला दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा. नाहीतर अंधार पडल्यावर कुलाब्याच्या बाजूने त्याची उघडझाप पाहा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

१०. आईबाबांचे गुडघे दुखतात. त्यांना नेऊ का?

न्या, पण ठिकाण निवडून. दीपगृहाला उंची हवी असते ती दिव्याची, बुरुजाची नव्हे. डोंगरावर बांधलं की बुरूज बुटका चालतो, सपाटीवर किंवा खडकावर बांधलं की तो उंच लागतो. म्हणून कोर्लईला गाडी बऱ्यापैकी वर जाते आणि आतल्या पायऱ्या थोड्या. जयगडला मात्र लोखंडी गोल जिना दम काढतो. जिन्याच्या शेवटी बहुतेक ठिकाणी जवळजवळ उभी शिडी असते. ज्येष्ठांनी त्या शिडीच्या खाली थांबावं. चढणं जमतं, उतरताना गुडघा अडतो आणि मागे रांग लागलेली असते. साडी नेसणाऱ्यांनी पदर खोचून घ्यावा, वर सज्जात वारा बेफाम असतो. टोपी, चष्मा, मोबाइल, सगळं सांभाळा.

लहान मुलांना कठड्यापाशी हात धरूनच उभं करा. जुन्या कठड्यांच्या गजांत अंतर जास्त असतं.

११. ड्रोन उडवता येतो का? फोटोचं काय?

ड्रोन नाही. किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल, बंदरं, वीजप्रकल्प यांची दाटी आहे. फोटो बहुतेक ठिकाणी काढू देतात. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट असेल तर ते काढा.

१२. रात्री झोत फिरताना पाहायचाय. कुठून दिसेल, किती लांबून?

रात्री आत सोडत नाहीत, आणि आतून मजाही नाही. दोन-चार किलोमीटरवरच्या अंधाऱ्या किनाऱ्यावर बसा. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावा आणि एका चमकेपासून तोच क्रम पुन्हा सुरू होईपर्यंतचे सेकंद मोजा. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते: कोणाची एकच चमक, कोणाच्या दोन जोडीने, मग ठरलेला अंधार. खलाशी त्यावरूनच समोरचं ठिकाण ओळखतो. शेजारशेजारच्या दोन दीपगृहांचा क्रम सारखा ठेवत नाहीत. रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर मी एका सावनेरच्या कुटुंबाला हे मोजायला लावलं होतं. आजोबा नातवाशी सेकंदांवरून वाद घालत बसले आणि जेवायला उठेनात.

किती लांबून दिसेल हे दिव्याच्या ताकदीइतकंच पृथ्वीच्या गोलाईवर ठरतं. समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. येतील तितक्या किलोमीटरवर क्षितिज. १०० मीटरवरच्या दिव्याचं क्षितिज जवळपास ३६ किलोमीटर. वाळूवर उभ्या माणसाचे स्वतःचे साडेचार मिळवा. फलकांवर मात्र अंतर सागरी मैलांत लिहिलेलं असतं, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

१३. वेंगुर्ल्याला समुद्रात खडकावर दीपगृह दिसतं. तिथे होडीने जाऊ का?

नका जाऊ. वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर उतरणंच अवघड आहे. शिवाय तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. त्या लाळेने घरटी बांधतात, आणि ती घरटी चोरून विकली जात असल्यामुळे जागा संवेदनशील आहे. वेंगुर्ला बंदराच्या टेकडीवरून पाहणं पुरेसं.

१४. नकाशावर दीपगृह दाखवलं होतं, गेलो तर नुसता लोखंडी सांगाडा निघाला. काऊन?

कारण नकाशावर मोठं दीपगृह आणि बंदराच्या तोंडावरचा छोटा दिवा, दोन्हींना एकच खूण असते. खाडीच्या मुखाशी होड्यांना वाट दाखवणारे असे सौरऊर्जेवरचे दिवे जागोजागी आहेत. तिथे माणूस नसतो, जिना नसतो. जायच्या आधी लोकांनी टाकलेले फोटो पाहा. फोटोत काचेची खोली आणि गोल सज्जा दिसला तरच वाकडी वाट करा.

१५. जीपीएस असताना यांची गरज काय?

मोठ्या जहाजांना पूर्वीइतकी नाही. पण जीपीएसचा इशारा बिघडवता येतो, डोळ्यांना दिसणारा दिवा बिघडवता येत नाही, आणि छोट्या मच्छीमाराला रात्री घरची दिशा त्यावरूनच कळते. कायदाही काळाप्रमाणे बदललाय: १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला, त्यात रेडिओ आणि उपग्रहावर चालणाऱ्या साधनांचाही समावेश आहे. या सगळ्याचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून शुल्क घेऊन भागवतात.

१६. गाडी वाळूवर नेली तर?

रुतेल. मग भरती येईल. प्रश्न ७.

१७. यंदा जाणं जमत नाही. नागपुरातच यातलं काही पाहता येईल का?

दीपगृह नाही, पण समुद्राशी जोडलेला एक दगड आहे. झिरो माइलच्या खांबाजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा दगड पाहा. समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर फुटांत कोरलेली आहे, सुमारे १०२०. म्हणजे ३११ मीटर. प्रश्न १२ मधलं सूत्र लावलं तर एवढ्या उंचीच्या दिव्याचं क्षितिज ६३ किलोमीटरवर येतं. मुलांना गणित तिथेच करायला लावा, नंतर जवळच तर्री पोहे आहेतच.

१८. २१ सप्टेंबरला दीपगृह दिन असतो म्हणे. त्या दिवशी गेलं तर?

१९२७ च्या कायद्याची आठवण म्हणून तो दिवस पाळतात. काही ठिकाणी सजावट असते, शाळेची मुलं येतात, कर्मचारी नेहमीपेक्षा मोकळेपणाने माहिती देतात. मात्र पाऊस संपलेला नसतो, म्हणून बेटांचा बेत त्यात धरू नका. कोर्लई किंवा रत्नदुर्ग ठेवा, छत्रीऐवजी रेनकोट घ्या, आणि गणपतीच्या आसपास तारीख आली तर कोकणातल्या गाड्यांचं आरक्षण फार आधी करा. तेवढे दिवस चाकरमान्यांचे, म्हणजे मुंबईहून गणपतीला गावी येणाऱ्या कोकणी नोकरदारांचे असतात.